अकरा दसऱ्यांचं मशीन

उखर्डूमामाने आधी मशीनचे पाय पाहिले, मग पाठीवरून हात फिरवला, मग वाकून पोटाखाली डोकावून घेतलं. शेपूट असती तर तीही पिळून पाहिली असती.

"अंगानं भरेल हाय, भाच्या. रंगही पसंद. घेऊन टाक."

दिगंबरने डोळे मिटून घेतले. मागांची दुरुस्ती हा त्याचा धंदा. बऱ्हाणपुरात एखाद्या मागाचं दात्यांचं चाक तुटलं की नवं कापून आणायला त्याला इंदूर गाठावं लागे. तोवर आठ दिवस माग बंद, आणि मागवाला दिगंबरच्या सात पिढ्यांची चौकशी करी. जुनं का होईना, असे दाते कापणारं धड मिलिंग मशीन दारात आलं की ही कटकट संपणार होती. पण पैसा शाहपूरच्या मामाच्या केळीचा. म्हणून मामा सोबत. आणि मामासोबत एक पिशवी, जी तो सकाळपासून खाली ठेवायला तयार नव्हता.

त्या साली संस्थानं विलीन होत होती, पाठोपाठ त्यांचं सामानही. हे मशीन अशाच एका छोट्या संस्थानातलं, बऱ्हाणपूरच्याच लालबाग स्टेशनजवळच्या गुदामात विकायला ठेवलेलं. राखणीला संस्थानचे जुने कारकून वसंतराव. राज्य गेलं होतं, पगडी राहिली होती.

"किती वर्षं चाललंय हे?" दिगंबरने विचारलं.

"चाललंय?" वसंतराव दुखावले. "महाराजांचं मशीन आहे. ते चालवायचं नसतं, बाळगायचं असतं."

जुनं मशीन विकणारा प्रत्येक जण असंच सांगतो. दिगंबरने बाह्या सारल्या. झिजलेल्या मशीनचं हँडल आधी पाव फेरा फुकट फिरतं, मग कुठे टेबल हलतं. इथं हँडल नखभर फिरवलं, टेबल नखभर सरकलं. मधोमध तसंच, टोकालाही तसंच. टेबलाखालच्या रुळांवरचं वाळलेलं ग्रीस पुसलं, तर विलायती कारागिराने हाताने घासलेली बारीक नक्षी जशीच्या तशी. कामाला लागलेल्या मशीनवर ती राहत नाही.

असं मशीन दिगंबरने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. भाव चढू नये म्हणून तोंड मात्र त्याने एरंडेल प्यायल्यासारखं केलं.

"भाच्या, पोट दुखतं का रे?"

"गप बसा, मामा!"

तेवढ्यात त्याचा हात टेबलाच्या कोपऱ्यावर गेला. खड्डे. ओळीने अकरा.

"हे काय?"

"दसरे," वसंतराव म्हणाले. "दर दसऱ्याला टेबलावर नारळ ठेवून हातोड्याचा एक घाव. पहिला खुद्द महाराजांचा. तो हातोडाही मशीनसोबत मिळेल."

"अहो, टेबल सपाट तर काम सरळ! नारळ फोडायला अख्ख्या संस्थानात दगड नव्हता?"

"दगड होते. पण पूजा मशीनची होती."

मामाने मान डोलावली. त्याला पटलं होतं.

दिगंबरने कपाळाला हात लावला, आणि लावता लावता हिशेब सुटला. खड्डे सगळे एका कोपऱ्यात, बाकी टेबल आरशासारखं. मशीन अकरा वर्षांत अकराच वेळा वापरलं होतं, तेही नारळाला. म्हणजे वसंतराव खरं बोलत होते! हा धक्का पचवायलाच त्याला वेळ लागला.

"मामा, मी बाहेर कागदावर सही करून येतो. तोवर कशालाही हात लावायचा नाही."

"मी काय लहान पोर हाय?"

सही झाली. शाई वाळायच्या आत गुदामातून आवाज आला: ठण्ण.

दिगंबर धावला. मामाच्या एका हातात हातोडा, दुसऱ्यात नारळाची कवड. पिशवी अखेर जमिनीवर, रिकामी. आणि टेबलाच्या ऐन मध्यभागी, नारळाच्या पाण्यात, ताजा खड्डा.

"मामा! हे काय केलंत?"

"वरडतो काय? नवी वस्तू बिननारळाची घरी न्यायची का?" मामाने हातोडा ठेवला. "अन् कोपऱ्यात नाही फोडला. तो त्या लोकांनी पार खराब करून ठेवेल हाय. म्हणून चांगली जागा पायली."

मागून आलेल्या वसंतरावांनी वाकून खड्डा पाहिला.

"बारावा," ते समाधानाने म्हणाले, आणि प्रसादासाठी हात पुढे केला.