फिकट डाग

"गरम लागायलंय का गं?" विमलनं विचारलं.

"न्हाई ताई. लावा तुमी."

पार्लरच्या खुर्चीत बसलेल्या अर्पिताच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, विमलनं वॅक्सचा पहिला थर ओढला होता. तेवढ्यात काडीवरचा एक थेंब तिच्या स्वतःच्या बोटावर पडला आणि तिनं हात झटकला. सुरुवातीला मनगटावर लावून पाहिलं तेव्हा वॅक्स बेताचं होतं, पण बोलण्याच्या नादात हीटर चालूच राहिला होता. तिनं घाईनं अर्पिताच्या हातावर ओलं फडकं दाबलं आणि वॅक्स हलकेच पुसून काढलं. कातडी लाल झाली होती. अर्पिता मात्र मोबाईलवर मेंदीची नक्षी बघत होती.

अर्पिताचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. पहिलंच वॅक्सिंग म्हणून विमलनं सगळं विचारून घेतलं होतं. ब्लेड कधी फिरवलं, कुठलं मलम लावतेस का, खाज, पुरळ काही. अर्पितानं सगळ्याला नाही म्हटलं होतं. मग हात धुऊन, कोरडा करून विमलनं पावडर लावली होती. आता फडक्यानं ती पावडर निघाली आणि लाल झालेल्या कातडीला लागून रुपयाएवढा फिकट डाग दिसला. त्यावर एकही केस नव्हता. एप्रिलच्या उकाड्यात हात घामेजला होता, डाग तेवढा कोरडा.



"हे कधीपास्नं?"

"वर्ष झालं असंल. गजकर्णाचं मलम लावलं होतं मधी. जाईना म्हणून सोडून दिलं."

विमलनं कापसाची वात केली. "डोळे मीट. कापूस लागंल तिथं बोट ठेव."

मनगटावर लावला, अर्पिताचं बोट मनगटावर आलं. दंडावर लावला, तिथं आलं. मग विमलनं वात डागावर आणि त्याशेजारच्या लाल कातडीवर टेकवली, फिरवली, पुन्हा टेकवली. अर्पिता डोळे मिटून बसून राहिली.

"लावा की," ती म्हणाली.

चुडाव्याकडच्या माहेरी विमलचे वडील गोविंदराव चुलीवरची भाकरी हातानं उलटायचे. बोट भाजल्याचा वास आधी आईला यायचा, त्यांना कळायचंच नाही. औषध सुरू झालं तोवर दोन बोटं आखडली होती. पुढं ते बरे झाले, पण गावानं त्यांना शेवटपर्यंत पंगतीत बसवलं नाही. बोरी गावात सून म्हणून आल्यावर विमलनं सांगितलं होतं की बोटं मळणीयंत्रात गेली. नवऱ्याला, महारुद्रलाही तेच. बावीस वर्षं.

कोरडी कातडी आहे, खोबरेल लाव, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. ते शब्द तिच्या ओठांवरही आले. 

"ताई, काय झालं? असं का बघायलाव?"

"ह्या जागेला काय कळंना झालंय, अर्पिता. कुष्ठरोग असू शकतो. नक्की काय ते डॉक्टर सांगतील."

अर्पितानं झटकन बाही खाली ओढली. "तुमी कशावरून म्हणता?"

"माझ्या वडलांना होता."

पडद्यापाशी अर्पिताची आई बायनाबाई उभी होती. कधी आली कळलं नाही. 

"हळू बोला," ती म्हणाली. "एवढं कार्य होऊ द्या. मग बघू."

"उशीर केला तर बोटं जातील, काकू. आत्ता धरलं तर गोळ्यांनी पुरतं बरं होतंय. सरकारी दवाखान्यात फुकट मिळत्यात."

 विमलनं अर्पिताची बाही हळूच वर सारली. "माझ्या हातनं भाजलंय, ते आधी सांगते. फोड आला तर फोडायचा न्हाई. कढत पाणी नको, घासणं नको, घट्ट बाही नको. अन् रोज डोळ्यांनी बघायचं. तुला दुखणार न्हाई, म्हणून बघायचं."

त्या संध्याकाळी विमलनं महारुद्रला सगळं सांगितलं. तो अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठला.

दुसऱ्या दिवशी तिघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी तपासलं, तेच निघालं. सहा महिने गोळ्या. व्हरांड्यात उभं राहून अर्पितानं नवऱ्यामुलाला, सारंगला, स्वतः फोन केला. तो म्हणाला, घरी विचारून सांगतो. लग्नाची तारीख निघून गेली, त्याचा फोन आला नाही.

बायनाबाईनं पोरीला कावीळ झाल्याचं सगळीकडं सांगितलं. विमलच्या वडलांचं मात्र खरं तेच सांगितलं. पंधरा दिवसांत बायकांचं पार्लरमध्ये येणं थांबलं. आयब्रोला दर महिन्याला येणाऱ्या मास्तरीणबाई समोरून मान वळवून जाऊ लागल्या. तरी विमल रोज सकाळी कुलूप काढायची. आत जाऊन झाडायची, आरसा पुसायची आणि बसून राहायची.

मे महिन्यात एका सोमवारी, भर बाजाराच्या वेळी, अर्पिता आली. अर्ध्या बाहीचा ड्रेस घातलेला, डाग उघडा. आत न येता ती बाहेरच्या बाकावर बसली, रस्त्याकडं तोंड करून.

"आत ये," विमल दारातून म्हणाली. "लोक बघायल्यात."

"बघू द्या."

समोरच्या पिठाच्या गिरणीपुढच्या बायका बोलायच्या थांबल्या. अर्पितानं ओढणी हातावर घेतली नाही. विमलनं हातातला झाडू दाराआड ठेवला. मग बाहेर आली आणि तिला लागून बसली.