माझी हद्द सरकली तेव्हा

मी एक जुना नकाशा आहे. मित्रांनो, एका शाळेच्या भिंतीवर मी वीस वर्षे काढली. मुले माझ्यासमोर उभी राहून जिल्ह्यांची नावे घडाघडा म्हणत आणि माझी छाती फुगे. पुढे नवा नकाशा आला आणि माझी रवानगी जुन्या बाजारात झाली.

तिथून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने घरी आणले. ती, तिचा नवरा आणि सहा वर्षांची लेक परमुलखातून येऊन या देशात नुकतीच स्थिरावली होती. देश एक, पण त्याच्या पोटात चार प्रांत, प्रांतांत जिल्हे, आणि काही शहरे कुठल्याच जिल्ह्यात न मोडणारी. टपाल ज्या गावाहून येई त्याचेच नाव त्यांच्या पत्त्यात होते, आणि ते गावही भलत्याच जिल्ह्यात. "यापेक्षा माझ्या सासरची नाती सोपी," बाई नवऱ्याला म्हणे. तरी रोज मशीन थांबले की ती माझ्यावर बोट फिरवत बसे.

लेकीच्या शाळाप्रवेशाचा अर्ज आपल्याच जिल्ह्याच्या कचेरीत द्यायचा होता. बाईने माझ्यावर घर शोधले आणि अर्ज उत्तरेच्या जिल्ह्यात धाडला. तीन आठवड्यांनी तो परत आला. घर आमच्या हद्दीत नाही, असे त्यावर लिहिले होते. मुदतीचा एकच दिवस उरला होता. बाईने दारातूनच शेजारी हाक मारली.

शेजारी टपाल वाटणाऱ्या एक मावशी राहत. त्या धावत आल्या, चष्मा लावून माझ्या कोपऱ्यातले साल वाचू लागल्या.

"अगं, हा माझ्या लग्नाआधीचा आहे. हद्द कधीच उत्तरेला, ओढ्यापलीकडे गेली. तुमचं घर आता दक्षिणेच्या जिल्ह्यात."

धरणी पोटात घेईल तर बरे, असे मला झाले. मी खोटे बोललो नव्हतो, पण माझ्यावर विश्वास ठेवल्यामुळे एका पोरीचे वर्ष बुडायची वेळ आली होती.

सकाळी बाई हातातले काम टाकून पहिल्या बसने गेली. कचेरीचे दार उघडले तेव्हा ती पायरीवरच होती. दुपारी पावती घेऊन परतली आणि लेकीला जवळ घेऊन पोटभर रडली.

नवरा मला गुंडाळून फेकायला निघाला. बाईने त्याचा हात धरला.

"राहू दे. आपल्यालाही कुणी सांगितलं तेव्हाच कळलं ना?"

माझ्या पाठीला कापड आहे. मावशींना विचारत विचारत तिने लाल दोऱ्याने नवी हद्द माझ्यावर शिवली.

मित्रांनो, जुन्याला अडगळीत टाकण्याआधी जग कुठवर सरकले ते त्याला एकदा सांगून पाहा. सुई टोचते, पण आम्ही शिकतो.