मनकर्णाबाईंच्या सहा तारखा

मी पाटोद्याच्या दवाखान्यातलं भिंतीवरचं कॅलेंडर बोलतोय. तुम्ही म्हणाल, कॅलेंडराकडे बघायचं असतं, त्याचं ऐकायचं कशाला? खरं आहे. पण वर्षभर लोक माझ्याकडे बघत होते, तसा मीही त्यांच्याकडे बघत होतो. आता माझं एकच पान उरलंय, तेव्हा बोलून घेतो.

माझा जन्म बीडच्या छापखान्यात झाला. आमच्या संस्थेची जिल्ह्यात पाच रुग्णालयं आहेत, बीडचं मोठं आणि बाकीची चार लहान. पाचही ठिकाणी कॅन्सरच्या रुग्णांना सलाइनमधून औषध द्यायची खोली आहे, आणि त्या प्रत्येक खोलीत माझं एकेक भावंड टांगलेलं आहे. पाचही ठिकाणी पाटी सारखी, भिंतीचा रंग सारखा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मला वाटलं होतं, लोक माझ्यात सणवार आणि लग्नाच्या तिथी शोधतील. ते शोधतातच. बोटाला थुंकी लावून पान उचलतात, आणि पुतणीचं लग्न सलाइनच्या दिवशी येतंय का ते आधी बघतात. आधी लग्न, मग आजार. पण माझ्यावर खरा हक्क योगिता सिस्टरचा. टपोऱ्या अक्षरात ती तारखेच्या चौकटीत नाव लिहायची. रुग्ण आला की निळ्या पेनानं 'आली' किंवा 'आला', नाही आला की लाल पेनानं 'आली नाही'. फार नीटनेटकं काम. मी तर ऐटीत असायचो.

सप्टेंबरात मनकर्णाबाई आल्या. नवरा बिभीषण आणि त्या, दोघं मेंढरं राखणारी. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन बीडला झालं होतं. आता एकवीस एकवीस दिवसांनी सहा सलाइनी घ्यायच्या होत्या. तारीख चुकली तर गाठ पुन्हा डोकं वर काढू शकते, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. सोळा तारखेला पहिली सलाइन झाली. योगितानं पुढची तारीख कागदावर लिहून दिली, तर बाईंनी कागद परत केला.

"तारीख-बिरीख मला कळत न्हाई, सिस्टर. बाजारानं सांगा."

योगितानं माझ्याकडे बघून मनात हिशोब केला. "तीन बाजार होऊ द्या, मावशी. तिसऱ्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी या."

"आता कसं." बाईंनी कमरेची कापडी चंची काढली. मिश्री सोडल्यापासून ती रिकामीच होती. "दर बाजाराला हिच्यात एक खडा टाकीन."

माझे तीनशे पासष्ट आकडे सोडून बाई खड्यांवर दिवस मोजणार, याचा मला राग आला होता. पण सात ऑक्टोबरला बाई बरोबर दारात उभ्या होत्या. माझा राग तिथंच गेला.

पुढची तारीख अठ्ठावीस ऑक्टोबर. योगितानं संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग लाल पेन काढलं, 'आली नाही' लिहिलं आणि घरी गेली. तीन दिवसांनी पान उलटलं. बाई पानाच्या मागं गेल्या.

महिन्याचा अहवाल बीडला गेला आणि डॉक्टर आदिनाथांचा फोन आला. पाचही रुग्णालयांतला कॅन्सरचा विभाग त्यांच्याकडे. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येतो.

"पाटोद्यात सात जण आले नाहीत. का नाही आले?"

"सर, त्याचा रकानाच नाही," योगिता म्हणाली.

"मग आजपासून करा."

योगितानं फोन लावायला घेतले. बिभीषणचा फोन दोन दिवस बंद लागला. मेंढपाळाचा फोन ज्याच्या रानात मेंढरं बसतील त्याच्या घरी चार्ज होतो. तिसऱ्या दिवशी लागला.

"काका, मावशी सलाइनला का आल्या न्हाईत?"

"न्हाई कशी? गेलती की. तीन खडे मोजून एक दिस आधीच गेलती."

"कुठं गेल्या होत्या?"

"माजलगावला. दसऱ्यानंतर आमी मेंढरं हिकडं आणली, सोयाबीनच्या रानात बसवायला. तुमचीच पाटी हाय, तुमचाच रंग हाय. तिथला माणूस म्हनला, फाईल पाटोद्याला हाय, तिकडं जा. आता मेंढरं सोडून लई लांब पडतंय, सिस्टर. ती म्हनली, मला परत लावलं म्हंजी माझ्या सलाइनी सरल्या आसतील."

"सरल्या न्हाईत, काका, अजून चार बाकी हायेत," एवढं सांगून योगितानं फोन ठेवला. मग तिनं माझं पान मागं उलटलं. 'आली नाही'वर रेघ मारली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'आली होती. आपण नव्हतो.'

मला माझीच लाज वाटली. आठवडाभर मी ते खोटं अंगावर घेऊन ऐटीत लटकलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं आणि बीडची एसटी धरली. मांजरसुंब्याला सगळे चहाला उतरले, ती मला मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. बीडच्या बैठकीत तिनं मला टेबलावर पसरलं. माजलगावच्या खिडकीवर बसणारा शहादेवही तिथं होता. त्यानं चौकट वाचली आणि तो खाली बघायला लागला.

"सर, फाईल नसताना सलाइन कशी द्यायची?" तो म्हणाला. "चुकीचं औषध गेलं असतं तर?"

"तुमचं बरोबर आहे," डॉक्टर आदिनाथ म्हणाले. "पण मग फाईलनं चालायला पाहिजे, बाईनं नाही."

त्या दिवशी ठरलं की रुग्णाच्या औषधाचा तक्ता संगणकावर पाचही रुग्णालयांत दिसेल. पहिल्याच भेटीत विचारायचं, पुढचे सहा महिने तुम्ही कुठं कुठं असाल. जो येणार नाही त्याला दोन दिवसांत फोन करायचा आणि कारण लिहायचं. लगेच सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. फोन अजूनही बंद लागतात, आणि एक लाल खूण अशी आहे की तिचं कारण कुणालाच सापडलं नाही. तिच्याकडे बघितलं की मला आजही वाईट वाटतं.

पण सहा नोव्हेंबरला माजलगावहून फोन आला. नऊ दिवस उशिरा का होईना, मनकर्णाबाईंना तिसरी सलाइन लागली होती. मागून त्यांचा आवाज आला, "सिस्टर, ह्या बारीला तुमच्या माणसानं स्वतः दारातून आत नेलं." योगितानं निळं पेन उचललं. सत्तावीस नोव्हेंबर, माजलगावला आली. अठरा डिसेंबर, आली.

सहावी तारीख आठ जानेवारी. ती माझ्यात नाही. माझ्या शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पुढच्या वर्षाचा जानेवारी मुंगीएवढ्या अक्षरात छापलाय. त्यातल्या आठावर योगितानं काल निळं वर्तुळ काढलं.

दोन दिवसांनी मला उतरवतील. मनकर्णाबाईंचा शेवटचा खडा चंचीत पडलेला मला कळणार नाही. तेव्हा माझ्या खिळ्यावर जे नवं कॅलेंडर लागेल, त्याला माझा निरोप सांगा. त्या दिवशी बाईंची वाट बघ. आणि त्या आपल्या पाचांपैकी कुठल्याच दारात दिसल्या नाहीत, तर लाल पेन उचलू देऊ नकोस. आधी विचार, आपण कुठं होतो.