बारकीची चिठ्ठी

खोक्यातून कॅल्क्युलेटर बाहेर आला आणि बारकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांनी भलताच आणला होता. भलता म्हणजे हलका नव्हे, दुकानातला सगळ्यात भारी. रंगीत पडद्याचा, आणि समीकरण नुसतं टाकलं की आपणच सोडवून उत्तर देणारा. नेमक्या याच जातीला परीक्षेत बंदी होती. आलेख काढणारा चालेल, समीकरणं सोडवणारा चालणार नाही, असं नियमांच्या कागदावर ठळक छापलं होतं. परीक्षा परवा सकाळी. विद्यापीठात गणिताच्या विभागात जागा मिळायची तर या एकाच परीक्षेतून, आणि तिच्यात निम्मे प्रश्न आलेखांचे.

बाबा एप्रनला हात पुसत समोर उभे होते. नावाच्या पाट्या कोरण्याचा त्यांचा धंदा, सगळी गल्ली त्यांना पाटीवाले म्हणे. पोरीला आनंदाने वाचा फुटत नाही अशी त्यांची समजूत झाली होती.

"मागची बाजू बघ," ते म्हणाले.

तिने उलटा केला. पाठीवर सुबक अक्षरांत तिचं पूर्ण नाव कोरलं होतं, आणि नावाच्या आधी 'इंजिनियर'.

या घरात कोणतीही वस्तू कोरल्याशिवाय वापरायला मिळत नसे. डब्यांवर नावं, कात्रीवर नाव, छत्रीच्या मुठीवर नाव. आईच्या चष्म्याची डबीसुद्धा सुटली नव्हती. आजवर बारकीला याची गंमत वाटायची. पण कोरलेली वस्तू कुठलं दुकान परत घेणार? आणि इंजिनियर कोण होणार होतं? वर्षभर ती घसा कोरडा करून सांगत होती की मला गणित शिकायचंय, नुसतं गणित.

वर कडी म्हणजे तिने सगळं लिहून दिलं होतं. महिनाभर सरांचा कॅल्क्युलेटर उसना घेऊन तिने सराव केला होता, कुठलं बटण कुठे हे बोटांना पाठ झालं होतं. तसाच हवा म्हणून तिने मॉडेलचा नंबर चिठ्ठीवर लिहिला, खाली 'दुसरा चालणार नाही' लिहून दोन रेघा मारल्या आणि चिठ्ठी बाबांच्या कोरायच्या यंत्रावर चिकटवली. बाबा पितळेचे पत्रे आणायला कॅल्क्युलेटरच्या दुकानाच्याच बाजूला जाणार होते, येताना घेऊन येतो म्हणाले होते.

ती तडक पुढच्या खोलीत गेली. चिठ्ठी यंत्रावरच होती, पण पालथी. मागच्या कोऱ्या बाजूवर एका दातांच्या डॉक्टरांच्या पाटीचा मजकूर उतरवला होता, भेटायच्या वेळांसकट. त्याच्याखाली पेन्सिलीच्या तीन बारीक खुणा. ही पाटीवाल्यांची शिस्त. एक अक्षर चुकलं तर अख्खा पत्रा वाया जातो, म्हणून मजकूर तीनदा वाचायचा, दरवेळी एक खूण करायची आणि मगच यंत्र सुरू करायचं. बारकीच्या बाजूवर एकही खूण नव्हती.

बाबा मागोमाग आले. मुलगी हुशार असेल तर हाच न्या, असं दुकानदारच म्हणाला, म्हणून सांगू लागले. आईनेही तोंड घातलं की अगं, हौसेनेच आणलाय ना त्यांनी. त्याने तर बारकी आणखीच भडकली. हौस त्यांची आणि परीक्षा कोणाची?

तिने ती चिठ्ठी ओरबाडून काढली आणि बाबांच्या हातात कोंबली.

"दातांच्या डॉक्टरांची बाजू तुम्ही तीनदा वाचलीत, बाबा. माझी एकदा तरी वाचायची होती."

बाबांनी चिठ्ठी उलटी केली. त्यांना त्या दोन रेघा दिसल्या. मग त्यांनी एप्रन काढून खुंटीला अडकवला.

दुकानापर्यंत वाटभर बारकी चार पावलं पुढे चालली. मागे वळून बघायची तिची इच्छा नव्हती. कोरलेली पाठ बघून दुकानदाराने परत घ्यायला नकाराची मान हलवली, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. पण मग तो बारकीच्या डोक्यावरून थेट बाबांशी बोलायला लागला. परीक्षेत चालणाराच हवा असेल तर एक याहून नवं मॉडेल आलंय, साहेब, मुलांना ते फार आवडतं. पुन्हा तेच. बारकीने तोंड उघडलं, एवढ्यात बाबांनी काउंटरवर चिठ्ठी पसरली. खिशातून पेन्सिल काढली. अक्षराखाली बोट धरत त्यांनी नंबर मोठ्याने वाचला आणि खूण केली. दुसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदा वाचला. मागची गिऱ्हाइकं ताटकळली होती, पण त्यांनी घाई केली नाही.

"हा द्या," ते म्हणाले. "दुसरा चालणार नाही."

बारकीने तिथेच बटणं दाबून एक आलेख काढून बघितला. बोटं चुकली नाहीत. तिने बाबांचे आभार मानले नाहीत, आणि परततानाही ती पुढेच चालली.

घरी आल्यावर बाबांनी सवयीने नवा कॅल्क्युलेटर यंत्राच्या चिमट्यात पालथा बसवला, चष्मा लावला आणि मग थांबले.

"काय कोरू?"

घरातल्या कोणालाही त्यांनी हे आजवर विचारलं नव्हतं.

"काही नाही," बारकी म्हणाली.

त्यांनी चिमटा सैल केला, फडक्याने पाठ पुसली आणि कॅल्क्युलेटर तिला दिला.

ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसली. दोन उदाहरणं होतात न होतात तोच यंत्राची घरघर सुरू झाली. आता आणखी काय कोरताहेत, म्हणून ती तणतणतच उठली. यंत्राच्या चिमट्यात तो आधीचा, भारी कॅल्क्युलेटर होता. बाबा वाकून त्याच्यावरचं 'इंजिनियर' खरवडून काढत होते. पुढचं नाव त्यांनी तसंच ठेवलं होतं.