सीटवरचं प्लास्टिक

"अहो पण मॅडम, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं मी!"

विमा कंपनीच्या कचेरीत तीन नंबरच्या खिडकीपाशी जपूनराव हे वाक्य चौथ्यांदा म्हणाले. खिडकीमागची मुलगी बिचारी सोशिक होती. तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, प्लास्टिकचा इथे काही संबंध नाही."

"संबंध कसा नाही? गाडी कोरी होती. फोटो आहेत माझ्याकडे."

"गाडी सोळा महिन्यांची होती. वर्ष उलटलं की किंमत वीस टक्के कमी धरतात. पॉलिसीत लिहिलंय, खाली तुमची सही आहे."

"वापरली तर कमी होईल ना! मी वापरलीच कुठे? घर, बायकोचं ऑफिस, दुकान आणि परत घर."

"नुसती उभी ठेवली तरी होते, काका."

आता याला काय म्हणायचं? माणूस नुसता बसून राहिला तरी म्हातारा होतो, हे एक वेळ पटतं. पण गाडीने कुणाचं काय घोडं मारलं होतं? जपूनरावांनी पुन्हा तोंड उघडलं, मागच्या रांगेतला माणूस जोरात खाकरला, आणि त्यांनी ते मिटलं.

जपूनराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ते काचा घासून फ्रेमच्या मापाला बसवायचे. बावीस वर्षं हेच काम. कुणी काचांचा ट्रे उचलला की यांच्या तोंडून "जपून!" निघालंच. मालकाला जपून, गिऱ्हाइकाला जपून, फरशी पुसणाऱ्या बाईला तर दिवसातून दहा वेळा जपून. मालकाने एकदा वैतागून त्यांना जपूनराव म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की रागावली की घरी बायकोही तेच म्हणायची.

असा माणूस गाडी घेतो तेव्हा काय होणार? सोळा महिने त्यांनी ती तळहातावरच्या फोडासारखी जपली. आत खायचं नाही, ओली छत्री आणायची नाही, दार आपटायचं नाही. सीटवर शोरूमचं पातळ प्लास्टिक होतं, त्यावर यांनी मापाने शिवून घेतलेलं जाड प्लास्टिक चढवलं. खरं तर गाडी घेतली त्या दिवशी शोरूममधला पोरगा एक जास्तीचा विमा घ्या म्हणून मागे लागला होता. गाडी पार मोडली तर नव्या गाडीची पूर्ण किंमत मिळणार, साडेचार हजार फक्त. "मी गाडीला काही होऊच देणार नाही, तर तो विमा कशाला?" असं म्हणून जपूनरावांनी त्याला वाटेला लावलं आणि त्याच साडेचार हजारांचं हे प्लास्टिक घेतलं.

आणि झालं काय, तर भिंत पडली!

दुकानासमोर गाड्यांची रांग लागायची. त्या रांगेत आपली गाडी लावायची म्हणजे शेजारच्याच्या दाराचा ओरखडा ठरलेला. म्हणून जपूनराव पाच मिनिटं लांब, एका बंद गोदामाच्या भिंतीलगत एकटीच गाडी लावायचे. गोदामाचा मालक कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि ती भिंत कधीची खचत आलीय हेही. मंगळवारी दुपारी ती पुढच्या काचेवर आणि इंजिनावर बसली आणि गाडी पार मोडीत निघाली. रांगेतल्या अकराच्या अकरा गाड्या जिथल्या तिथे. ओरखडासुद्धा नाही!

"म्हणजे मिळणार किती?" त्यांनी शेवटी खिडकीत विचारलं.

"आठ लाख त्रेसष्ट हजार. पण ते तुम्हाला नाही, गाडीवर कर्ज आहे ना, सरळ कर्जवाल्यांना जातील." मुलीचा आवाज जरा खाली आला. "त्यांच्याकडे किती बाकी आहे ते बघून घ्या, काका."

बाकी होते दहा लाख चौदा हजार. कर्जाच्या कचेरीतल्या मिशाळ साहेबांनी तो आकडा कागदावर लिहून कागद यांच्याकडे सरकवला.

"हे कसं शक्य आहे?" जपूनराव म्हणाले. "सोळा महिने हप्ते भरतोय. साडेएकोणीस हजार दर महिन्याला, एक दिवस चुकलो नाही. गेले कुठे?"

"निम्मे व्याजात. सुरुवातीला तसंच असतं. शिवाय तुम्ही गाडीसोबत नोंदणी, विमा, वरच्या वस्तू, सगळ्याचंच कर्ज घेतलंत. हातचे पैसे जवळजवळ घातलेच नाहीत."

"हातचे बायकोच्या गुडघ्यासाठी ठेवले होते."

साहेबांना गुडघ्याचं काही देणंघेणं नव्हतं. "मग वरचे दीड लाख एकदम भरा. नाहीतर चढ्या व्याजाने पाच वर्षांचे नवे हप्ते पाडून देतो."

"कशाचे हप्ते? गाडीच नाही आता!"

"अहो, कर्ज तुम्ही घेतलंय. गाडीने नाही घेतलेलं."

 जपूनरावांचा संताप आणखीच वाढला. बाहेर येऊन त्यांनी कचेरीचं दार दाणकन आपटलं. बावीस वर्षांत त्यांनी आपटलेलं हे पहिलं दार.

घरी बायको पाय लांब करून, गुडघ्याखाली उशी घेऊन बसली होती. ती शाळेच्या ऑफिसात नोकरी करायची. बसची पायरी उंच आणि उजवा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ती पायरीवरूनच पडली होती. गाडी घ्यायचं डोक्यात आलं ते त्या दिवशी. गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं आणि त्याचे एक लाख सत्तर हजार बँकेत वेगळे ठेवलेले.

जपूनरावांनी दोन्ही कचेऱ्यांतलं रामायण सांगितलं, मध्ये मध्ये कपाळावर हात मारून. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"भरून टाका," ती म्हणाली. "ऑपरेशन पुढच्या वर्षी."

"डोकं फिरलंय का तुझं? मी हप्ते पाडून घेतो."

"म्हणजे नसलेल्या गाडीचे पैसे पाच वर्षं भरणार? दर महिन्याला तुमचं तोंड बघायचंय मला, पाच तारीख आली की."

"आणि गुडघा?"

"गुडघा कुठे जातोय? माझ्याजवळच आहे तो."

"अगं, गाडी तुझ्या गुडघ्यासाठी घेतली! आणि आता गुडघ्याचे पैसे गाडीत घालायचे?"

"मग माझ्यावर काय ओरडताय? मी पाडली का भिंत?" आता तिचाही आवाज चढला. "माझ्यासाठी घेतली म्हणे! सोळा महिने त्या प्लास्टिकला घामाने चिकटून बसले मी. उठताना चर्र आवाज व्हायचा. बिस्किट काढलं की तुमचं 'जपून', पाय हलवला की 'जपून'. त्यापेक्षा बसमध्ये बरं होतं, तिथे निदान कुणी ओरडत तरी नव्हतं!"

 तिचं खरं होतं आणि ते जपूनरावांना झोंबलं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी उगाच एक भांडं विसळलं. पुसून ठेवलं, पुन्हा उचलून विसळलं. मग तिथूनच विचारलं, "बँक किती वाजता उघडते?"

पैसे भरले. दोनच दिवसांनी विमा कंपनीचा निरोप आला की गाडीतलं सामान काढून घ्या आणि चाव्या द्या. गाडी आता कंपनीची, म्हणजे भंगाराची. मोडक्या गाड्या ठेवायचं यार्ड गावाबाहेर होतं. बायको म्हणाली, मी पण येते. जपूनराव म्हणाले, तुला दोन बस बदलाव्या लागतील. ती म्हणाली, सवय करायला हवी ना.

गाडी यार्डात एका कडेला उभी होती. पुढची बाजू पार चेपलेली, टप अर्ध्यावर वाकलेला. मागचा भाग मात्र जसाच्या तसा, धुळीखाली सीटवरचं प्लास्टिक चकाकत होतं. यार्डातल्या माणसाने कागद पुढे केले.

"सही करा काका. सामान घ्या लवकर, संध्याकाळी सीट काढायच्यात. मागच्या सीटला गिऱ्हाईक आहे, एकदम नवी आहे ना!"

म्हणजे सोळा महिने सीट जपली ती त्या गिऱ्हाइकासाठी! जपूनरावांनी सही केली. मग खिशातून काचेचं माप कोरायची आपली टोकदार सळई काढली, मागचं दार उघडलं आणि प्लास्टिकमध्ये खुपसली. जाड प्लास्टिक टरकन फाटलं. खालचं पातळही त्यांनी दोन्ही हातांनी ओरबाडून काढलं. यार्डातला माणूस "ओ काका, सीटला लागेल" म्हणत धावत आला. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"बस," ते बायकोला म्हणाले.

"अहो, धूळ आहे."

"बस म्हणतो ना."

ती आधी टेकली, मग आत सरकली. ते दुसऱ्या बाजूने येऊन शेजारी बसले. मोडलेल्या टपाखालून समोर गंजक्या दारांचा ढीग दिसत होता. बायकोने सीटवर हात फिरवला.

"मऊ आहे की हो," ती म्हणाली. "हे असं होतं होय?"

 बायकोने गुडघा लांब केला, पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि मुद्दाम जपूनरावांकडे बघत फोडला. चुरा सीटवर सांडला. त्यांचा हात सवयीने पुढे गेला, पण अर्ध्यावरूनच वळून पुड्याकडे आला. दोघांनी मिळून सगळा पुडा संपवला. मग यार्डातला माणूस येऊन उभा राहिला, चाव्या त्याच्या हातात गेल्या, आणि गाडीतलं सामान म्हणून आरशाला टांगलेली चष्म्याची छोटी डबी तेवढी यांच्या खिशात आली.

बस यायला चाळीस मिनिटं लागली. आली तीही भरलेली. पायरी तेवढीच उंच. बायकोने दांडा धरला आणि डावा पाय वर टाकला. जपूनरावांनी मागून तिच्या कोपराला हात दिला.

"जपून," ते म्हणाले.

तिने मान वळवली. "कुणाला सांगताय? बसला?"

"तुला गं," ते म्हणाले, आणि ती नीट वर चढेपर्यंत त्यांनी तिचं कोपर सोडलं नाही.