चोवीस शाफ्टांवरची तीन टिंबं

आमच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक शाफ्टच्या टोकाला ह्यांची तीन टिंबं ठोकलेली असायची. ती दिसली की गिऱ्हाईक माप घ्यायचंसुद्धा नाही. चाळीस वर्षांत कमावलेली ती अब्रू मी घालवली. दुसऱ्या कुणाची तेवढी छाती नव्हती.

खाऱ्या पाण्याच्या पंपांसाठी चोवीस शाफ्ट हवे होते. थोरला म्हणाला, "आई, तीनशे सोळा नंबरचंच स्टील लागेल. तीनशे तीन मिठापुढे टिकत नाही."

ह्यांनी तेव्हा अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी मोजकेच दिवस सांगितले होते. हे काम पुरं झालेलं त्यांनी डोळ्यांनी बघावं, एवढंच माझ्या मनात. तीनशे सोळा चिवट, हत्यारं खातं, वेळ खातं. तीनशे तीन लोण्यासारखं कापलं जातं. मी दोन्हींना चुंबक लावलं. कशालाच चिकटलं नाही.

"बघ, दोघी सख्ख्या बहिणी," मी सगळ्या कारागिरांसमोर म्हटलं. "चार बुकं शिकलास म्हणून मला लोखंड शिकवू नकोस."

"आई, चुंबकाला मीठ कळत नाही गं."

"आणि तुला आई कळत नाही. लाव तीनशे तीन."

पाचव्या दिवशी शाफ्ट तयार, आरशासारखे. टिंबं ह्यांच्याच खूण ठोकायच्या पोलादी पंचने थोरल्याने मारली. एक शाफ्ट मी ह्यांच्या हातात दिला. त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कीस दाखव."

लेथखालचा मूठभर कीस नेला. तीनशे सोळाचा कीस लांब, कुरळा निघतो. हा नुसता चुरा. त्यांनी तो चिमटीत धरून बघितला.

"अगं, हे खाऱ्या पाण्यात कसं टिकायचं?"

"तुम्हाला पुरं झालेलं दिसावं म्हणून केलं."

"मला दिसून काय? मी चाललो. शाफ्ट मागे राहणार. माल थांबव."

"थांबवते," म्हटलं.

थांबवला नाही. थांबवायचा तर थोरल्याला सगळ्यांदेखत 'तुझं खरं' म्हणावं लागलं असतं. एरवी कात्रीसारखी चालणारी माझी जीभ नेमकी तिथे जड होते. माल गेला, दुसऱ्या दिवशी हे गेले. "थांबवलास ना?" हे त्यांचं शेवटचं बोलणं. मी हो म्हटलं.

सहा महिन्यांत चोवीसच्या चोवीस परत आले. अंगभर देवीच्या वणांसारखे खड्डे. टिंबं तेवढी शाबूत.

थोरला एका शब्दाने टोचून बोलला नाही. बोलला असता तर बरं, भांडायला तरी मिळालं असतं. "नवे तीनशे सोळाचे करतो," एवढंच म्हणाला. "हे भंगारात टाकू?"

"तुझ्या वडिलांची खूण अंगावर घेऊन? आधी कानस दे इकडे."

स्टूल ओढून बसले आणि एकेक शाफ्ट पकडीत आवळून टिंबं घासायला लागले. ह्यांनी हातात धरला होता तो यातलाच एक. कोणता, ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून कानस लावण्याआधी प्रत्येकाच्या टोकावरून अंगठा फिरवत होते.