एकतीसचे छत

साहेबांनी ते फार मवाळपणे सांगितले, म्हणूनच तिला ते अधिक झोंबले. हात जरा हळू चालवा, असे त्यांचे म्हणणे होते.

ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांचे फोन ती जोडून देत असे. माणूस आपल्या घरून, पडद्यावर, खुणांनी बोले. ते ती दवाखान्याला, बँकेला, कधी रुसलेल्या सुनेला तोंडाने सांगे आणि आलेले उत्तर हातांनी परत करी. गेल्या महिन्यापासून मात्र चित्र फुटू लागले होते. हात उचलला की बोटांच्या जागी राखाडी चौकोन उरत आणि वाक्य मधेच गोठून राही. तक्रारी वाढल्या, तेव्हा साहेबांनी ठरवले की हात हळू होणार नसतील तर सोमवारपासून ही खोली बंद करायची; लोकांनी टाइप करून बोलावे.

तिच्या बाबांनाही टाइप करता येत असे. पण जन्मापासून काहीच न ऐकलेला तो माणूस लिहिताना परक्याच्या घरी आल्यासारखा अंग चोरून बसे. हातांनी बोलू लागला की त्याच्याइतका टवाळ दुसरा कोणी नसे. परवा पडद्यावरून त्यांनीच विचारले होते, तू तोतरी कधीपासून झालीस? ती हसली होती. त्या रात्री मात्र तिने आरशासमोर उभे राहून आपलेच हात तपासले होते.

लाइनच अपुरी पडते, असे तिने साहेबांना सांगितले, तेव्हा इमारतीचे सगळे नेटवर्क सांभाळणारे वायरकाका उलटा पुरावा म्हणून लॅपटॉपच घेऊन आले. एका खोलीने सगळी लाइन गिळू नये, यासाठी त्यांनी महिन्यापूर्वी प्रत्येक खोलीला मर्यादा घालून दिली होती. पडद्यावरच्या आलेखात प्रत्येक खोलीचा वापर दिसत असे.

"पोरी, तुला अडीचशेची मर्यादा दिलीय, आणि तू वापरतेस एकतीस. भरलेल्या ताटावरून चार घास खाऊन उठतेस आणि वर म्हणतेस, उपाशी ठेवलं."

साहेबांनी मान डोलावली. पुरावा बिनतोड होता. लाइन पुरत होती, म्हणजे दोष हातांचाच.

"हात हळू होणार नाहीत," ती म्हणाली. "हळू केले की ते बोलणं राहत नाही, तान्ह्या बाळाला समजावणं होतं. तुम्ही एक दिवस शब्दाशब्दाला थांबून घरी बोलून बघा, साहेब. मग मला सांगा."

काकांना हसू आवरले नाही. साहेब हसले नाहीत.

तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला आणि आपल्या पडद्यावरून बाबांना फोन लावला. हात मांडीवर होते तोवर आलेखातली रेघ खाली निजून होती. ती बोलू लागताच रेघ उठली, एकतीसपर्यंत चढली आणि तिथे सुरीने छाटल्यासारखी सपाट झाली. तिने वेग वाढवला. रेघ तसूभरही हलली नाही.

"काका, पोट भरलेला माणूस रोज बरोबर त्याच घासावर उठतो का? हे उठणं नाही. हे डोकं आपटणं आहे. इथे छत आहे."

"छत अडीचशेवर आहे. मी स्वतः घातलंय."

"अडीचशे काय?"

त्या कार्यालयात आकडे उघडेच, एककाशिवाय, बोलले जात. तिसऱ्या खोलीला पाचशे दे, वरच्यांचे शंभर काप. पाचशे काय आणि शंभर काय, हे विचारणारा अडाणी ठरे. काकांनी मर्यादा घालायचे पान उघडले. महिन्यापूर्वी त्यांनी आलेखात पाहिले होते की तिची खोली अडीचशेपर्यंत वापरते, आणि तोच आकडा या पानावर जसाच्या तसा भरला होता. आलेख मोजत होता किलोबाइटमध्ये. हे पान मोजत होते किलोबिटमध्ये, आणि एका बाइटमध्ये असतात आठ बिट. काकांचे ओठ भागाकार करत हलले. उत्तर पडद्यावर महिनाभर दिसतच होते: एकतीस.

"दोन हजार," आकडा बदलत ते म्हणाले, आणि थोडे थांबून पुढे म्हणाले, "किलोबिट."

चित्र निवळले. बाबांची बोटे दिसली, अंगठ्यावरचा जुना व्रणही दिसला.

साहेबांनी घसा खाकरला. खोली चालू राहील, म्हणाले. पण लोकांना कळवताना आपली चूक कशाला चव्हाट्यावर मांडायची? दुभाषीने वेग सुधारला, एवढे लिहिले की पुरे.

"वेग बरोबरच होता," ती उभी राहिली. "आकडा चुकला, असं लिहा. नाहीतर मी हातांनी सांगेन, साहेब. तुमच्या पत्राआधी पोचेल ते."

पडद्यावरून बाबा विचारत होते, तो माणूस काय म्हणतोय? तिने आपल्या जुन्या, पुऱ्या वेगात सांगितले. बाबा खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसले. लॅपटॉपवरची रेघ एकतीस ओलांडून कुठल्या कुठे गेली.

साहेबांनी काकांकडे पाहिले. काकांनी मान हलवली. त्यांनाही कळले नव्हते.

"काय सांगितलंस त्यांना?" साहेबांनी विचारले.

"टाइप करून कळवते," ती म्हणाली आणि पुढचा फोन घेतला.